गेनूमामांचा दात

कळंबचे गेनूमामा इंजिन दाताने ऐकतात. हातभर लांब पोलादी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवतात आणि दुसरं वरच्या एकुलत्या एका दातात धरतात. चाळीस वर्षं विहिरींवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करून कान गेले. आता समोरचा ओरडला तरच कळतं. त्याची खंत नाही. "कानाला चहाड्या ऐकू येत्यात, राव. दाताला खरं तेवढंच."

माझी अँबॅसिडर वडिलांनी घेतलेली, वय सत्तेचाळीस. पुढून खरखर येऊ लागली तेव्हा आमच्या डिंगोरे गावाहून आधी मी शहरातल्या मोठ्या गॅरेजात गेलो. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरची वायर घेऊन गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. खुपसायला जागा सापडेना. म्हणाला, गाडी विका.

गेनूमामांनी सळई चावली, डोळे मिटले.

"टायमिंग चेन. व्हॉल्व्ह कवा उघडायचा, कवा मिटायचा, ते तिच्या हातात. ताणून सैल झालीय."

"किती?" मी ओरडलो.

"अर्धा इंच."

रेडिएटर, पुली आणि झाकण काढल्यावर मी पट्टी लावली. अर्ध्या इंचाला एक सूत कमी. मामांना दाखवलं.

"पट्टी बदला," ते म्हणाले.

नवी चेन मिळायला चार दिवस गेले. ती चढवताना खालच्या आणि वरच्या चक्रावरचे ठिपके अगदी समोरासमोर यावे लागतात. मामांच्या भाषेत ते नवरानवरी. "अंतरपाट धरलाय असं समजा. तोंडं इकडंतिकडं झाली तर संसार न्हाई." चक्राचा एक दात जरी चुकला तरी इंजिन धड चालत नाही. त्यांनी तीनदा चेन काढली, तीनदा बसवली. तिसऱ्यांदा मलाही वाकून बघायला लावलं. जुन्नर-आंबेगावात असा कारागीर दुसरा नाही, हे मी चार गॅरेजं पाहून सांगतो.

दुपारी मामी चहा घेऊन आल्या. मामांचा गाल सुजलेला मी सकाळीच पाहिला होता. तंबाखू असेल असं वाटलं होतं.

"दात सडलाय," मामी म्हणाल्या. "सोमवारीच मंचरला काढायचा व्हता. तुमची गाडी आली आन् हे अडून बसले. चार दिस नुसती पेज पित्यात."

मी मामांच्या कानाशी ओरडलो, "आधी दात काढायचा होता. गाडी थांबली असती."

"आन् मग चेन कशानं ऐकायची? कवळीनं? उद्या काढतो. आज हाय तवर हाय."

संध्याकाळी इंजिन सुरू केलं. खरखर पार गेली होती. मामांनी सळई लावली. दुखऱ्या दाताने कळ मारली असावी, डोळ्यांत पाणी आलं, पण सोडली नाही. "शिवणयंत्रावानी चाललंय," म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू गाडी त्यांच्याच वडिलांची.

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मामांनी सळई रॉकेलने पुसली, मग स्वतःच्या सदऱ्याने पुसली, तिचं एक टोक मामींच्या हनुवटीखाली टेकवलं आणि दुसरं दातात धरलं.

"बोल."

"काय बोलू? पावणं बघत्यात."

"बघू दे. वरडू नको. हळू बोल."

मामी लाजल्या. मग इतकं हळू काहीतरी बोलल्या, की दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या मला एक अक्षर कळलं नाही.

मामांनी सळई दातातून काढली.

"ऐकलं," ते म्हणाले.