ह्यांच्या नावाचं इनपुट

माझा मुलगा प्रज्योत वाईट नाही, फक्त घराचं ऑफिस केल्याशिवाय ते चाललंय असं त्याला वाटतच नाही. पवईला एका काचेच्या इमारतीत तो लोकांना सिस्टीम लावून देतो. तिथली माणसं पगारी, ऐकून घेतात. इथे खारदांड्याच्या कोळीवाड्यात आम्ही बिनपगारी, म्हणून आमच्यावर प्रयोग जास्त.

यंदा त्याने टीव्हीखाली एक काळा डबा आणून ठेवला. आवाजाचा प्रोसेसर म्हणे. भिंतींवर पाच स्पीकर, जमिनीवर एक. पहिल्या दिवशी हॉलच्या मधोमध माईक ठेवून खोलीचा आवाज मोजला. तेवढा वेळ आम्ही श्वासही बेताने घेतला. गल्लीत बर्फाचा टेम्पो मागे येत होता, त्यामुळे डब्याने आमचा हॉल कायमचा टेम्पोसकट नोंदवून घेतला.

डब्याच्या पाठीला भोकं आठ. एकेका भोकाला इनपुट म्हणतात. कंपनीने त्यांना एक, दोन, तीन अशी नावं दिली होती. मी चौथीपर्यंत शिकलेली, तीनपर्यंत मला सहज येतं. पण प्रज्योत म्हणाला, "आई, आकड्यांत आपलेपणा नसतो."

मग आपलेपणा सुरू झाला. गेमच्या भोकाला त्याने स्वतःचं नाव दिलं. मोबाईलच्या भोकाला बायकोचं, कल्पिता. गच्चीत सुकणाऱ्या बोंबलांवर नजर ठेवायला कॅमेरा आहे, त्याचं नाव बोक्या, कारण बोंबील तोच पळवतो. आणि माझ्या मालिकांच्या सेट टॉप बॉक्सला माझ्या मालकांचं नाव. उरलेली चार भोकं रिकामी म्हणून यादीतून लपवली. जुने रिमोट कपाटात कुलपात गेले. आता बटण नाही, नाव घ्यायचं की चालू. सूनबाई नवऱ्यावर "प्रज्योत!" म्हणून ओरडली की हॉलमध्ये बंदुका सुटायच्या. शेजाऱ्यांना वाटायचं, भांडण वाढलं.

सेट टॉप बॉक्सला त्याने वर आणखी एक कुलूप घातलं. तो फक्त माझ्याच आवाजाने उघडणार.

"नाव बाबांचं, आवाज तुझा. दोघांचं मिळून!" पोराच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी हो म्हटलं.

लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. लग्नातला उखाणा सोडला, तर ह्यांचं नाव मी तोंडाने कधी घेतलं नाही. रेशनच्या दुकानात नाही, मतदानाच्या रांगेत नाही. ह्यांची होडी दोन दिवस परतली नव्हती, तेव्हाही किनाऱ्यावर उभी राहून मी दर्याकडे "अहो" असंच ओरडले होते.

दोन दिवसांनी प्रज्योतला म्हटलं, "बाबा रे, तिथे परत एक नंबर टाक."

"आता ते कंपनीकडे सेव्ह झालंय, आई. रिक्वेस्ट टाकावी लागेल."

कल्पिताने रिक्वेस्ट टाकली. नाव बदलण्याचं कारण यादीतून निवडायचं होतं. उपकरण विकलं, उपकरण बिघडलं, उपकरण वापरात नाही. तोंडाने घेता येत नाही, हे कारण कंपनीला ठाऊक नव्हतं. फोन लावला. पलीकडचा पोरगा म्हणाला, "मॅडम, सोपं नाव आहे," आणि त्याने ते दोनदा घेऊन दाखवलं, जसा काही ह्यांच्या मांडीला मांडी लावून वाढला. "तुम्ही 'वापरात नाही' निवडा."

मी फोनमध्ये ओरडले, "अरे, माणूस धडधाकट समोर बसून जाळं विणतोय!"

ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "लिव गो तसंच. खोटं काय नाय त्यात."

विनंती नोंदवली गेली. निर्णय सात कामकाजी दिवसांत.

तिसऱ्याच दिवशी मासळी बाजारात बातम्यांवाली मुलगी माईक घेऊन आली. बाजारातला नळ आठ महिने कोरडा. मासे धुवायचं पाणी आम्ही डोक्यावरून आणतो. मी म्हटलं, "पालिकेच्या कचेरीतल्या कागदावर नळाला पाणी आहे. तो कागद पिळून द्या, आम्ही मासे धुतो." मुलगी खूश झाली. म्हणाली, उद्या संध्याकाळी सहाला दाखवू, कचेरीतल्या साहेबांनाही विचारू. साहेबाने टीव्हीवर शब्द दिला तर नळ सुटणार होता. बाजारातल्या अकरा जणी चांगली लुगडी नेसून माझ्या हॉलमध्ये आल्या.

सहाला पाच मिनिटं कमी. प्रज्योत मीटिंगमध्ये. डबा माझ्या तोंडाकडे बघतोय.

शेजारची शकु म्हणाली, "घे गो नाव! लग्नात घेतलंस तसंच घे." सगळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. मी पदर सावरला. "दर्याला आली भरती, होडी लागली बंदरा..." आणि पुढच्या ओळीत नाव घेतलं. बायकांनी हॉल डोक्यावर घेतला.

डबा म्हणाला, "नाव मिळालं. जास्तीचा मजकूर काढून पुन्हा बोला."

ह्यांच्या हातातली सुई थांबली होती, बघत माझ्याकडेच होते. मी तोंड उघडलं. उखाण्याशिवाय नुसतं नाव निघेना, परत मिटलं.

"शकु, तुझा टीव्ही चालतो ना? चला गो सगळ्या."

शकुचा टीव्ही फ्रीजवर, रिमोटला प्लास्टिकची पिशवी. पोचेस्तोवर माझं अर्धं बोलणं होऊन गेलं होतं, पण कागद पिळायचं सापडलं. पडद्यावर मुलीचं नाव होतं, कॅमेरा धरणाऱ्याचं होतं. माझ्या तोंडाखाली लिहिलं होतं, "स्थानिक महिला". मग कचेरीतले साहेब आले. म्हणाले, तक्रार गंभीर आहे, पण तक्रारदाराचं नाव नसल्याने नोंद घेता येत नाही.

नळ तसाच राहिला.

घरी आले तर प्रज्योत ह्यांच्याकडून सगळं ऐकत बूट काढत होता. "काय गं आई, एक नाव घ्यायला तुला एवढं जड गेलं?"

मी आधी तुमचा, ही गोष्ट वाचणाऱ्यांचा, विचार केला. तुम्हीही इथवर हसत आलात, पोराचं, सुनेचं, बोक्याचंसुद्धा नाव तुम्हाला पाठ झालं, मला कुणी विचारलं नाही. मग एकट्या पोरावर काय ओरडायचं? पण समोर तो होता.

"प्रज्योत, बाबांचं नाव मी घेत नाही तो मान आहे. माझं नाव तुम्ही कुणी घेत नाही ती सवय आहे. कचेरीत आई नावाची बाई चालत नाही रे. माझं नाव पार्वती. उद्या सुट्टी टाक, माझ्याबरोबर ये, आणि साहेबासमोर ते मोठ्याने घे."