बाईंनी फुटबॉलचे बूट घेतले

आमच्या शेजारच्या पाटीलबाई घरात नवीन वस्तू आली की ओट्यावर पाट मांडतात, त्यावर ती वस्तू ठेवतात आणि गळ्यातली शिट्टी फुंकून तिला ‘सावधान!’ म्हणतात. मिक्सर असो, छत्री असो, नाहीतर देवघरातली नवी घंटा. मग कमरेवर हात ठेवून तिच्याभोवती एक फेरी मारतात आणि निकाल देतात. निकाल एकदाच. अपील नाही. “पह्यली नजर खोटी नई ऱ्हास,” हे त्यांच्या घटनेतलं पहिलं कलम.

बाई मूळच्या धानोऱ्याच्या. मुलींच्या शाळेत जन्मभर पी.टी. शिकवून निवृत्त झाल्या, पण शिट्टी काही निवृत्त झाली नाही. हुकूम शुद्ध मराठीत, बाकी सगळा कारभार अहिराणीत. माझी नाशिकहून नंदुरबारला बदली झाली तेव्हा टेम्पोतलं कपाट उतरायच्या आधी त्यांनी मला तपासून घेतलं. “अनिल नाव का? खांदा सरळ कर. असाच उभा ऱ्हायना तं चाळीसीमा पोट येई तुले.” ते आलं. सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, मात्र “पोरगी कामनी शे” असा शेरा मिळाला. तेव्हापासून बाईंची पारख अचूक आहे यावर आमच्या घरात दुमत नाही. एक मत माझं आहे, पण ते मोजत नाहीत.

आमच्या मिक्सरला बाई म्हणाल्या होत्या, “आवाज शे, ताकद नई. याले निवडणुकीले उभा करा.”

गेल्या उन्हाळ्यात अण्णा, म्हणजे बाईंचे यजमान, गेले. भेटायला आलेल्या बायकांनी गळा काढला, तसा बाईंचा हात शिट्टीकडे गेला. “रडानं व्हई ते बाहेर जाईसन रडा. अठे हवा येवू द्या.” आणि आलेल्या माणसांना उंचीप्रमाणे नाही, पण रांगेत मात्र उभं केलं. कॉलनीनं त्याच दिवशी ठरवलं, या बाईच्या छातीत काळजाच्या जागी स्टॉपवॉच आहे. मीही हे वाक्य दोन-चार ठिकाणी स्वतःचं म्हणून सांगितलं.

मग पावसाळा सरता सरता सुरतच्या भाच्याकडून मागवलेलं एक खोकं आलं. शिट्टी झाली. आम्ही नवरा-बायको साक्षीदार म्हणून ओट्यावर हजर झालो. पाटावर निघाले फुटबॉलचे बूट. आजकालच्या पोपटी-गुलाबी रंगांचे नव्हेत, जुन्या धर्तीचे. काळं कुळकुळीत चामडं, पांढऱ्या लांबलचक लेसा, पुढे उलटी दुमडलेली भलीमोठी जीभ आणि तळाला टणक रबरी गोट्या. याला म्हणे रेट्रो म्हणतात.

“रेट्रो म्हंजे आजोबाना बूट नातूना भावमा,” बाई म्हणाल्या आणि फेरीला निघाल्या. “चामडं खरं शे. वास ली देख, अनिल.”

मी वास घेतला. शेजाऱ्यानं बुटात नाक घालावं असा प्रसंग सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.

“शिलाई कडक. जीभ देख केवढी! मन्ही सासूले बी इतली नव्हती. तळ मातर हेडमास्तरना काळीजसारखा कठीण.”

या हेडमास्तरांची गोष्ट आम्हाला पाठ होती. शाळेत एकच फुटबॉल होता आणि तो त्यांच्या कपाटात कुलपात असे. सव्वीस जानेवारीला बाहेर काढत, पुसत, टेबलावर ठेवत आणि झेंडावंदन झालं की परत आत. बाईंनी तो मुलींसाठी मागितला तेव्हा साहेब म्हणाले, “मुलींना लेझीम बरी.” बाईंनी पुढे जन्मभर लेझीम शिकवली, आणि ती अशी शिकवली की आवाज ऐकून साहेब खिडकी लावून घेत.

“बाई, बूट कोणासाठी?” मी विचारलं.

“मन्हासाठे.”

“खेळणार कुठं?”

“तू हेल्मेट लिधं, ते काय डोकं आपटाले?”

निकाल लागला: पास. बाईंनी तिथल्या तिथे बूट चढवले, साडी चार बोटं वर खोचली आणि भाजी आणायला निघाल्या. गल्लीतली कुत्री उठून बाजूला झाली. कोणी हसलं नाही. सगळे बाई वळणावरून दिसेनाशा व्हायची वाट पाहत होते.

इथवर गंमत होती. पण आमची आणि बाईंची भिंत एकच. आठवडाभरानं रोज दिवेलागणीला भिंतीपलीकडून आवाज सुरू झाला. खट, खट, खट. स्वयंपाकघरातून पुढच्या खोलीत, पुढच्या खोलीतून परत स्वयंपाकघरात. फरशीवर रबरी गोट्यांचा आवाज असा येतो की आपल्याच डोक्यात कोणी सुपारी फोडतंय. सुनंदा संध्याकाळची मालिका बघते. त्यातली सासू बोलायला लागली की पलीकडे खट, खट.

“तुम्ही जाऊन सांगा,” सुनंदा एका संध्याकाळी कडाडली. “नाहीतर मी जाते, आणि मी गेले तर बरं होणार नाही.”

मी गेलो. दार उघडंच होतं. बाई पाठमोऱ्या चालत होत्या. शिट्टी गळ्यात नव्हती. चाल परेडची नव्हती. सावकाश, जडशी, एखाद्या वयस्क पुरुषमाणसासारखी. पुढच्या खोलीत त्या वळल्या आणि मी दिसलो.

“काबर उना?”

“सहज,” मी म्हणालो. “बाई, पाय दुखत नाहीत? घरातसुद्धा बूट?”

त्या खुर्चीवर बसल्या. बराच वेळ लेसा ओढत राहिल्या.

“अण्णा व्हतात तवय घरमा काही ना काही वाजे,” त्या म्हणाल्या. “खोकलाना आवाज, रेडिओना आवाज. आते मी अनवानी चालस तं माले मन्हाच पाय आयकू येत नई. बूट घालात का वाटस, घरमा कोनीतरी चाली ऱ्हायनं.” मग मान वर करून एकदम शाळेतल्या बाईंच्या आवाजात, “तुमले तरास व्हस का?”

“छे!” मी म्हणालो. पण ते मला नीट म्हणता आलं नाही.

घरी येऊन सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं मालिकेचा आवाज तेवढा वाढवला.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भिंतीपलीकडे शांतता. मालिकेतली सासू पहिल्यांदाच सलग बोलली, एकेक शब्द ऐकू आला. सुनंदा थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली. मग टीव्ही बंद केला आणि तशीच उठून गेली. आठ वर्षं इथे राहून तिला अहिराणी येत नाही. बोललीच तर लोक हसतात. भिंतीतून तिचा आवाज आला, अडखळत, चुकत:

“बाई, बूट काबर काढात? घाला ना. आम्हाला पण... आमलेबी बरं वाटस.”