बुधवार तेवढा उरला

"हात आधी रेषेला पोचू दे, डोकं मागाहून येईल." मामंजींची ही शिकवण आमच्या ह्यांनी कबड्डीत कधी मोडली नाही. मामंजीही आपल्या काळातले नावाजलेले चढाईपटू. शेवटची चार वर्षं ते मला सामन्याचे पंच समजत आणि जेवायला बसण्यापूर्वी परवानगी मागत. मी देत असे.

ह्यांच्या डोक्याला आजवर सहा मार बसले. दर माराला मी एक उपास धरला. पहिल्याला सोमवार, दुसऱ्याला गुरुवार. असं करता करता आता फक्त बुधवार उरलाय, बांगडे खायला.

रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूला सातवा मार झेपायचा नाही. आत्ताच विसरतायत. खेळ बंद." ह्यांनी देवासमोर मला शब्द दिला, अंतिम सामना खेळणार नाही.

ह्यांचं कबड्डी मंडळ बेफिकीर आहे असं कुणी समजू नये. त्यांनी तातडीने शिरसुरक्षा उपसमिती नेमली. सचिव गौरवभावजी अर्ज घेऊन घरी आले. प्रश्न एकच : डोक्याला एकूण किती वेळा मार लागला? खेळाडूने स्वतः आठवून लिहायचं.

"आठवलं तर?" मी विचारलं.

"तर स्मरणशक्ती उत्तम. खेळण्यास पात्र."

"नाही आठवलं तर?"

"तर मार लागल्याची नोंदच नाही. पात्रच की, वहिनी."

ह्यांनी बराच विचार करून 'दोन' लिहिलं. मी डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"डॉक्टर कबड्डी खेळलेत कधी?" भावजींनी विचारलं.

मग मी देवघरातलं कॅलेंडर आणून उपासांच्या सहा खुणा दाखवल्या. गौरवभावजींनी कॅलेंडरला मनोभावे हात जोडले. "हे धार्मिक आहे, वहिनी. यात उपसमितीला ढवळाढवळ करता येत नाही."

सामन्याच्या दिवशी हे गुडघ्याला पट्टी बांधू लागले.

"अहो, शब्द दिला होतात ना?"

"दिलाय तर. गौरवला. मोडून कसं चालेल?"

"मला दिला होतात. देवासमोर."

"कधी गो?" हे खरंच विचारत होते.

मी मागोमाग निघाले. वाटेत मासळीवाल्या ताजबीला सांगितलं, बुधवारचे बांगडे बंद. मैदान भरलं होतं. तुम्हीही होतात. "वहिनींना बसू दे," म्हणून सरकलात, मला जागा दिलीत आणि पुन्हा ह्यांच्या नावाने शिट्ट्या सुरू केल्यात.

हे उठले. रेषेला हात लावून पाया पडले आणि 'कबड्डी, कबड्डी' पुटपुटत, मान खाली घालून, दिलेला शब्द पाळायला निघाले.