पांडुरंगराव वस्तू उलट्या करतात

पांडुरंगराव आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांनी कॉफी घाईघाईने संपवली. कप उलटा करून तो कुठे बनला हे त्यांना वाचायचं होतं. वाचलं, मान हलवली आणि मगच "नमस्कार" म्हणाले.

मी नाशिकहून नोकरीसाठी म्हैसूरला आलो, तेव्हापासून ते माझे शेजारी. देवराज मार्केटमागे त्यांचं कॅमेरे दुरुस्त करायचं दुकान आहे. पणजोबा कापड रंगवायचे, आजोबा छापायचे. "रंग गेला, बोटं राहिली," असं ते सांगतात. त्यांच्या मराठीत अधूनमधून कानडी डोकावते आणि समोर कुणीही असो, तो 'स्वामी' असतो. कॅमेऱ्यावर पुढे कोरलेलं नाव ते वाचतच नाहीत.

"नाव सुम्ने, उगाच शोभेला असतं, स्वामी. पाय वर करा त्याचे."

एकदा एक तरुण नवाकोरा महागडा कॅमेरा दाखवायला आला. सोबत जाड कागदाची पुस्तिका. तीत 'पिढ्यान् पिढ्यांचा वारसा' अशी अक्षरं आणि डोळ्याला भिंग लावलेल्या जर्मन म्हाताऱ्याचा फोटो. पांडुरंगरावांनी कॅमेरा उलटा केला. खाली भलत्याच देशाचं नाव.

"हा म्हातारा तिकडे कामाला जातो काय?"

"तसं नाही अंकल. ब्रँड तोच, फक्त बनवून बाहेरून घेतात."

"हौदा? असं होय? मग म्हातारा काय करतो?"

"फोटोला बसतो," मी म्हणालो.

"बरी नोकरी आहे. आमच्या मार्केटात मिळते का बघतो." मग त्यांनी त्याच तरुणाचा मोबाइल उलटा केला. पाठीवर लेन्सशेजारी तेच जर्मन नाव. "आडनाव भाड्यानं देतात की हो हे!"

एवढं ऐकल्यावर अस्सल जर्मन वस्तू पाहून हा माणूस हात जोडेल असं मला वाटलं. म्हणून बाबांचा जुना कॅमेरा मी मोठ्या ऐटीत नेला. नाशिकच्या घरी तो कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी राहायचा. बाहेर काढताना बाबा दर वेळी म्हणायचे, "जर्मन आहे, जपून." शटर अडकलं होतं. पुढच्या महिन्यात बाबांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि त्या दिवशी सगळ्यांचा फोटो त्यांना याच कॅमेऱ्याने काढायचा होता.

पांडुरंगरावांनी तो उलटा केला. खालची अक्षरं झिजली होती. त्यांनी तळाची पट्टी उघडली, आत भिंग लावलं आणि एकेक कोपरा न्याहाळला.

"माहेर बेंगळूर," शेवटी म्हणाले. "आडनाव तेवढं जर्मन. तिथल्या कारखान्यात जोडून घ्यायचे."

आमच्या घरातला एकुलता एक जर्मन शेजारच्या गावचा निघाला. "म्हणजे नकली?" मी विचारलं.

"नकली कुणाला म्हणता?" मी त्यांना चिडलेलं प्रथमच पाहिलं. भिंग त्यांनी माझ्या हातात कोंबलं. "बघा!"

आत स्क्रू होते. ते ढिले होऊ नयेत म्हणून प्रत्येकावर लाल लाखेचा थेंब दिलेला. थेंब कसले, कपाळावर टेकवावं तसं गोल, नेमकं कुंकू.

"बाकीच्या बायका लाख फासायच्या. सरोजा टेकवायची. रंगाऱ्याची पोर ती. सुपरवायझर ओरडायचा, आत कोण बघणार आहे म्हणून."

सरोजाबाई म्हणजे त्यांची पत्नी. लग्नाआधी त्या कारखान्यात होत्या. पुढे दुकानातल्या स्क्रूंवरही लाख त्याच लावायच्या. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली.

मला वाटत होतं, हा गृहस्थ जर्मन कंपनीचं बिंग फोडायला कॅमेरे उघडतो.

"किती सापडले असे?"

"हा तिसरा."

"दुरुस्त होईल ना?"

"होईल की. हा एक स्क्रू काढला की झालं." त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला, लाल थेंबापर्यंत नेला आणि खाली ठेवला. "उद्या या, स्वामी."

त्याला चार महिने झाले. बाबांच्या पंचाहत्तरीचा फोटो मोबाइलने काढला. ते अजून फोनवर विचारतात, "जर्मन कॅमेऱ्याचं काय झालं?" मी सांगतो, चांगल्या हातात आहे.

शनिवारी मी दुकानात जातो. कॅमेरा टेबलावर उलटा, तळ उघडा, वर स्वच्छ काचेचा पेला पालथा घातलेला.

"घाई नाही ना?" पांडुरंगराव विचारतात.

"छे."

मग कॉफी येते. ती ते अगदी सावकाश पितात, आणि कप तसाच ठेवून देतात.