गेनभाऊंची गुरुभरती

निमगाव सावाहून निघालेली आमची जीप नारायणगावच्या अलीकडे बंद पडली. मेकॅनिक आला, पाठीवर सरपटत खाली शिरला आणि त्याचे फक्त दोन पाय बाहेर उरले. बाकीचे उतारू उसाच्या रसाच्या गाड्याकडे पांगले. मी सावली शोधत होते. तेवढ्यात आमचे शेजारी गेनभाऊ जीपजवळ गेले, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, वाकले आणि त्या दोन पायांवर डोकं ठेवलं.

जीपखालून आधी "आयो!" असा आवाज आला आणि मग ठण्णकन कपाळ लोखंडावर आपटलं.

"सावकाश, गुरुजी," गेनभाऊ म्हणाले. "नुसता आवाज ऐकून तुमी वळखलं, डिझेल येत न्हाई म्हणून. ही विद्या मला शिकवा राव!"

मेकॅनिक बाहेर आला. विशीतलं पोरगं, कपाळावर ताजं टेंगूळ. त्याने माझ्याकडे पाहिलं. हे गृहस्थ माझ्या ओळखीचे नाहीत, असा चेहरा मी केला. पण गेनभाऊ तिथूनच ओरडले, "बाई, इकडं या. आमचं नवं गुरू बघा!"

गेनभाऊंचं हे असं आहे. वय साठीच्या पुढे, चांगली चालती द्राक्षबाग, घरात दूधदुभतं. या वयात माणसं तीर्थयात्रा करतात, नाहीतर पारावर बसून जगाला अक्कल शिकवतात. गेनभाऊंनी उलटा धंदा काढला. आपल्याला न येणारी गोष्ट ज्याला येते, त्याला ते गाठतात, पाया पडतात आणि म्हणतात, "मी कच्चा हाये. आजपासून तुमी माझं गुरू." गुरूची परवानगी वगैरे भानगड नाही. नेमणूक जागच्या जागी होते.

मी एकदा विचारलं, "गेनभाऊ, माणसाला गुरू एक असतो. तुम्ही भरती काढल्यासारखे किती करणार?"

"दत्तमहाराजांनी चोवीस केलं, बाई. मी त्यांच्या पुढं जात न्हाई. पण जवळपास तर जाऊ द्या!"

माझ्या माहितीप्रमाणे ते दत्तमहाराजांना केव्हाच मागे टाकून गेले आहेत. पंक्चरवाला, न्हावी, मधमाश्या पाळणारी आंबेगावकडची एक आजी, जुन्नरच्या बाजारातला शिंपी, शिवाय चायनीजच्या गाडीवरचा एक नेपाळी. या नेपाळ्याकडून गेनभाऊ मंचुरियन शिकले आणि त्याच आठवड्यात यमुनावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, चतुर्थी त्यांनी मंचुरियनवर सोडवली. चंद्र उगवेपर्यंत ती माउली उपाशी, आणि समोर ताटात लालभडक गोळे. वहिनींनी चंद्राकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने माझ्याकडे येऊन वरणभात जेवल्या.

मध्यंतरी त्यांना एकाग्रतेचं वेड लागलं. मोबाइलवर कोणी सूटबूटवाला एकाग्रतेवर बोलत होता. गेनभाऊंनी तो थोडा वेळ ऐकला आणि फोन बंद केला.

"ह्यो आपला गुरू न्हाई," ते म्हणाले. "घडीघडीला म्हणतोय हितं दाबा, तिथं दाबा, घंटी वाजवा. ह्याचंच ध्यान ठिकाणावर न्हाई, मला काय शिकवतोय!"

मग खरा गुरू त्यांना ओढ्याच्या बंधाऱ्यावर सापडला. तो होता बगळा. सकाळी पाण्याची मोटर सुरू करून गेनभाऊ त्याच्यासमोर जाऊन उभे राहत. बगळा हलत नसे, गेनभाऊही हलत नसत. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यांची एकाग्रता अशी काही लागली, की ते मोटर बंद करायलाच विसरले. सगळं पाणी बांध फोडून माझ्या कांद्याच्या वाफ्यात शिरलं. मी तणतणत बंधाऱ्यावर गेले, तर हे एका पायावर.

"गेनभाऊ, माझे कांदे पोहतायत!"

"हळू बोला, बाई," ते ओठ न हलवता म्हणाले. "गुरू उडतील."

गुरू उडाले. कांदेही गेले. पण त्या माणसावर फार वेळ रागावता येत नाही. दुसऱ्या दिवशी खुरपं घेऊन ते स्वतः माझ्या वाफ्यात हजर झाले, आणि रोप पुन्हा कसं लावायचं ते माझ्या गड्याला विचारू लागले. मग अर्थातच त्याच्या पाया पडले. गडी तेव्हापासून मला पगारवाढ मागतो आहे.

माझा खरा राग वेगळाच होता, तो आता सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका आहे. अख्ख्या पंचक्रोशीला मी अआइई आणि पाढे शिकवले. ग्रामसेवक माझा विद्यार्थी, सोसायटीचा चेअरमन माझा विद्यार्थी, गेनभाऊंचा मुलगा संदीपसुद्धा माझाच विद्यार्थी. शिकवणं हा ज्या बाईचा जन्माचा धंदा, ती भिंतीला भिंत लागून राहते, आणि हा माणूस गुरू करतो बगळ्याला!

गुरुपौर्णिमेला गेनभाऊ पिकअप भरून नारळ आणतात आणि दिवसभर गुरूंच्या घरोघरी फिरतात. मेकॅनिकला टॉवेल-टोपी, आजीला खण. बगळ्याचा नारळ बंधाऱ्यावर ठेवतात. तो घ्यायला येत नाही, तेव्हा म्हणतात, "गुरू विरक्त हायेत." यंदा मी ठरवून ठेवणीतली साडी नेसले आणि सकाळपासून ओट्यावर पेपर वाचत बसले. पिकअप थांबली. गेनभाऊ नारळ घेऊन उतरले. मी पेपर बाजूला ठेवला, चेहऱ्यावर थोडा संकोच आणला.

"बाई, सई हाये का घरात?"

सई म्हणजे माझी नात, दुसरीत आहे. तिने त्यांना दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवायला शिकवली होती. ती विद्या त्यांनी सप्ताहातल्या कीर्तनात वापरली. महाराजांनी एक सुरेख दृष्टान्त दिला, आणि मागून अशी काही शिट्टी आली, की टाळकरी थांबले आणि महाराजांचं पुढचं वाक्यच हरवलं. तर त्या शिट्टीगुरूंना यांनी ओट्यावर माझ्या शेजारी बसवलं, पाया पडले, नारळ दिला, आणि मला म्हणाले, "बाई, जरा पाणी देता का? लई फिरायचंय अजून."

मी पाणी दिलं. तांब्या जरा जोरातच ठेवला.

एक गोष्ट मात्र गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि ती गेनभाऊंसमोर कोणी बोलत नसे. हा माणूस आधी असा नव्हता. पाच वर्षांपूर्वीचे गेनभाऊ म्हणजे द्राक्षातला शेवटचा शब्द. त्यांना शिकवायची कुणाची छाती नव्हती. संदीप शेतकी शिकून आला. आल्या आल्या फळछाटणीच्या वेळी तो म्हणाला, "आबा, यंदा काड्या आधी तपासून घेऊ. कुठल्या डोळ्यात घड हाये ते कळंल, मग छाटू." वेलीच्या काडीवर जे कोंब फुटायचे ठिपके असतात त्यांना डोळे म्हणतात. किती डोळे ठेवून काडी कापायची, यावर वर्षाचं पीक ठरतं. गेनभाऊंनी आयुष्यभर ते अंगठ्याने चाचपून ठरवलं होतं. सगळ्या मजुरांसमोर ते गरजले, "माझ्या बागेत मला शिकवतो? आधी मिशी फुटू दे नीट!"

मजूर हसले. संदीपने कात्री बांधावर ठेवली. त्याच महिन्यात त्याने चाकणला कंपनीत नोकरी धरली. दिवाळीला येतो, आईशी बोलतो, जेवतो, बापाला वाकून नमस्कार करतो, पण बागेत पाऊल टाकत नाही. त्या वर्षी बाग जवळजवळ वांझच गेली. सगळी पानं, घड मोजकेच. आणि पुढच्या उन्हाळ्यात गेनभाऊंनी पहिला गुरू केला, गावातला पंक्चरवाला.

यमुनावहिनी एकदा माझ्याकडे भाजी निवडताना म्हणाल्या होत्या, "साऱ्या गावाचं पाय धरत्यात. ज्याला विचारायचं तो एकलाच ऱ्हायला."

यंदा पितृपक्ष संपत आला तशी बागांमधून छाटणीची गडबड सुरू झाली. एका दुपारी गेनभाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले. टोपी नव्हती. पाणी नको म्हणाले. दोन्ही हातांनी गुडघे चोळू लागले.

"बाई, माझ्यावर राग हाये तुमचा?"

"कशाला असेल? बगळ्याइतकी माझी लायकी नाही, एवढंच."

ते हसले नाहीत. "तुमाला मुद्दाम मागं ठेवलं व्हतं. तुमच्याकडं माझा अवघड विषय हाये."

"कोणता?"

"त्या जीपखालच्या पोराचं पाय धरायला मला काय लागत न्हाई, बाई. पयल्यांदा लागलं. पंक्चरवाल्यापुढं वाकताना घाम फुटला व्हता. मग जमाया लागलं. म्हणलं, असंच सगळ्यांपुढं वाकत गेलो तर कवातरी त्याच्यापुढं पण जमंल. पाच वर्सं सराव करतोय. फोन हातात घेतो आन् ठेवून देतो." ते अंगणाकडे पाहत होते. "पोटच्या पोराला 'शिकव' म्हणायला जीभ उचलत न्हाई. ती कशी उचलायची, तेवढं शिकवा."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मला त्यांची दया आली. पण दया दाखवली असती तर ते उठून गेले असते, म्हणून मी माझा शाळेतला आवाज काढला.

"सरळ बसा. मी संदीप. हं, बोला."

गेनभाऊंनी घसा खाकरला. "संदीप... छाटणी आलीये. तू शिकलेला हायेस. तर तुझं मत काय ते सांग... पण काडी आखूड ठेवलीस तर याद राख!"

"शून्य मार्क. पुन्हा."

"संदीप, माझं त्या दिवशी जरा चुकलं. तसं तुझं पण चुकलंच व्हतं..."

"पुन्हा!"

"संदीप, मागचं सोड. तू लहान हायेस, म्हणून मी मोठ्या मनानं..."

"गेनभाऊ, पट्टी आणू का?"

आतून सई डोकावून हसत होती. तिला मी आत पिटाळलं. एवढा मोठा बागायतदार, पण दोन सरळ वाक्यं त्यांना येईनात. दर वेळी कुठूनतरी बाप मध्ये यायचा. शेवटी ते दमून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, बाई. मी नापास." आणि उठायला लागले. तेव्हा मीच माझ्या फोनवरून संदीपला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"बाई?" संदीपचा आवाज घाबरा होता. मी त्याला कधी फोन करत नाही. "काय झालं? आबा बरं हायेत ना?"

मी फोन गेनभाऊंपुढे धरला. ते त्याच्याकडे विंचवाकडे पाहावं तसे पाहत राहिले. इतका वेळ घोकलेलं एक अक्षरही त्यांच्या तोंडातून आलं नाही.

"संदीप," ते म्हणाले, "मला छाटणी येत न्हाई रं."

ते फोनच्या आणखी जवळ वाकले.

"मला वाटत व्हतं येती. न्हाई येत. शिकव मला."

फोन कट झाला की काय, म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. चालू होता. मागे कुठेतरी यंत्रं धडधडत होती. मग दार लावल्यासारखा आवाज आला आणि धडधड कमी झाली.

"आधी कात्री धुऊन घ्या," संदीप म्हणाला. "औषधाच्या पाण्यात. गेल्या सालचा रोग तिच्यावर ऱ्हातो. मग एक काडी आणा फोनम्होरं, व्हिडिओवर बघतो मी."

गेनभाऊ उठले. चपला ओट्याखालीच राहिल्या. अनवाणी, धोतर सावरत ते घराकडे धावत सुटले. साठीच्या माणसाने इतकं धावू नये. "अगं ए, कात्री कुठाय, कात्री!" असा त्यांचा आवाज भिंतीपलीकडून आला, आणि पाठोपाठ यमुनावहिनींचा, "काय झालं? काय झालं?"

फोन माझ्या हातातच होता. मला डोळे पुसायचे होते, पण त्याला ऐकू जाईल असं उगीच वाटलं.

"संदीप, तुझं काम चालू असेल ना? ठेवू का? ते आले की लावते परत."

"नको, बाई," तो म्हणाला. "थांबतो मी."