पत्त्यापुरतं वाचणारा माणूस

आलूबोंडा खाऊन झाला की माणसं कागदाला हात पुसतात आणि बोळा करून फेकतात. पुंजाजी वाकोडे हात रुमालाला पुसतात आणि कागद सरळ करतात. मांडीवर ठेवून तळहाताने त्याच्या सुरकुत्या काढतात, उजेडाकडे धरतात आणि कुणाचं नाव-गाव दिसतंय का ते बघतात. दिसलं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो तेलकट कागद पाकिटात घालून सायकलवर निघतात आणि ज्याचा त्याला परत देऊन येतात. मालक आमच्या अमरावतीतल्या कॉलनीत राहो नाहीतर वलगावला, काकांना फरक पडत नाही.

वलगावला ते खरंच गेले होते. एका भाजीवाल्या मळेकऱ्याचा पीक विम्याचा अर्ज, आधारच्या झेरॉक्ससकट, बोंड्याखाली सापडला होता. "हे तुमचं आधार. बोंड्यावर होतं," एवढंच सांगून काका अंगणात उभे राहिले. मळेकऱ्याला आधी वाटलं की माणूस काहीतरी विकायला आलाय, मग वाटलं विम्याचा साहेब आहे. शेवटी काहीच न कळल्यामुळे त्याने चहा पाजला आणि पिशवीभर वांगी दिली.

पुंजाजीकाका रेल्वेच्या टपालाच्या डब्यात सॉर्टर होते. बडनेरा ते भुसावळ, गाडी हलत असताना पत्रं ज्या त्या खणात टाकायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. त्यात पोस्टकार्ड उघडं. उजवीकडे पत्ता, डावीकडे लोकांचा संसार. "डाव्या अंगाले डोळा जाऊच द्यायचा नाही, सर," ते मला सांगतात. "आपलं काम पत्त्यापुरतं."

ही सवय इतकी मुरली आहे की लग्नपत्रिकेतसुद्धा ते फक्त मंगल कार्यालयाचा पत्ता वाचतात. तेल्हाऱ्याला एका लग्नात जेवून आले, आहेर देऊन आले, आणि लग्न कुणाचं होतं हे आम्ही त्यांना परत आल्यावर सांगितलं.

आता माझ्याबद्दल. मी इंजिनिअरिंग कॉलेजात संगणक शिकवतो. लोकांची खासगी माहिती चोरीला कशी जाते यावर मी पीएचडी केली आहे. तो प्रबंध माझ्या मार्गदर्शकांखेरीज कुणीही वाचलेला नाही, त्यामुळे त्यातली माहिती अजून पूर्ण सुरक्षित आहे. शेजारी असा प्राणी मिळाल्यावर मला नमुना सापडल्यासारखं झालं. मी त्यांचे किस्से वर्गात सांगायचो. कापडाच्या दुकानातला तर दरवर्षी. गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, "काका, मोबाइल नंबर सांगा." काका म्हणाले, "तुमचा सांगा अगोदर." त्याने सांगितला. काकांनी तो लिहून घेतला आणि विचारलं, "आता घरचा पत्ता." तो म्हणाला, "पत्ता कशाले पायजे?" काका म्हणाले, "मंग माहा नंबर कशाले?" शेवटी बनियन नंबराशिवाय मिळालं.

अकोल्याला एका कॉलेजात डेटा संरक्षणाच्या नव्या कायद्यावर चर्चासत्र होतं. मी काकांना हौसेने घेऊन गेलो. दाराशी टेबलावर वही उघडी होती आणि आलेल्या प्रत्येकाचं नाव, मोबाइल, ईमेल त्यात ओळीने लिहिलेलं होतं. काकांनी ती वही मिटली, वर आपली टोपी ठेवली आणि मगच आत आले. दिवसभर संमती म्हणजे काय, माहिती फुटली तर कुणाला कळवायचं, किती दिवस ती साठवून ठेवायची, यावर भाषणं झाली. मीही एक केलं. मधल्या सुट्टीत चिवडा आला तो कागदांवर. काकांनी खाऊन कागद सरळ केला. तो शिष्यवृत्तीचा अर्ज निघाला, एका मुलीचा, तिच्या वडिलांच्या उत्पन्नासकट. प्रश्नोत्तराच्या वेळी काका उभे राहिले आणि म्हणाले, "बाकी मले समजलं नाही. ह्या पोरीचं घर कुठी आहे, तेवढं सांगा." सभागृह हसलं. मी सगळ्यात मोठ्याने हसलो.

मग आलं ते त्या दवाखान्याचं प्रकरण. आमच्या कॉलनीजवळ एका मनोविकाराच्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. तो पलीकडच्या गल्लीत हलवताना कुणीतरी जुने केसपेपर रद्दीत घातले आणि ती रद्दी बोंडेवाल्याकडे आली. पहिला कागद हातात पडताच काका उठले. घरून आपली वर्तमानपत्रं आणली, बोंडेवाल्याला वजनाला वजन दिली आणि गठ्ठाच्या गठ्ठा घरी नेला.

आमच्याकडे त्या दवाखान्याची पायरी चढताना कुणी दिसलं की संपलं. पोरीचं जमलेलं लग्न मोडतं, सुनेला माहेरी धाडतात, चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाचं नाव 'मेंटल' पडतं. त्या गठ्ठ्यात आमच्याच भागातली चाळीसेक माणसं होती आणि त्या सगळ्यांची अब्रू काकांच्या कपाटात होती. मी माहितीच्या सुरक्षिततेचा डॉक्टर, आणि मला रात्रंदिवस एकच प्रश्न छळत होता, की आपल्या कॉलनीतलं कोण?

"काका, नाव नका सांगू. आडनावाचं पहिलं अक्षर सांगा."

काका म्हणाले, "सर, तुमी पोट्ट्यायले काय शिकवून राहिले?"

पुढचे काही आठवडे काका बंद पाकिटं घेऊन हिंडत होते. कुणाच्या घरी गेले, कुणाला दिलं, मी खिडकीतून बघायचा प्रयत्न केला. पण ते नेमके मी कॉलेजात असताना निघायचे.

आणि मग मला वेगळीच बातमी लागली. दर गुरुवारी चार वाजता काका स्वतःच त्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेले दिसतात. मला एकदम सगळं उलगडलं. तरीच कागदांचं एवढं वेड. मी ही गोष्ट गच्चीवर सांगितली, कॉलेजात सांगितली, वाईट हेतू काही नव्हता, पण सांगितली. गावाला जाताना कॉलनीतली माणसं घराच्या किल्ल्या काकांकडे ठेवत. कुलर बघा, झाडांना पाणी घाला, म्हणत. हळूहळू किल्ल्या येणं बंद झालं. नंतर तर काका कुणाच्या दारात गेले की आतून, "काम आहे काय काही?" असा आवाज यायचा, आणि ते परत फिरायचे.

एका रविवारी घरी पाहुणे होते. मी जेवताना काकांची गोष्ट अगदी रंगवून सांगितली, बाकावर ते कसे टोपी मांडीवर ठेवून बसतात त्याची नक्कलही केली. माझी बायको वैशाली वाढत होती. पाहुणे गेल्यावर ती भांडी तशीच ठेवून माझ्यासमोर बसली.

"काका पेशंट नाहीत," ती म्हणाली. "मी आहो."

तिची आई गेल्यापासून तिला झोप नव्हती. छातीत धडधडायचं, स्वयंपाक करताना हातपाय गार पडायचे. ती एकटीच त्या दवाखान्यात जायला लागली होती. मी त्याच काळात प्रबंधाची शेवटची प्रकरणं लिहीत होतो.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगतलं असतं. पण तुमच्या पोटात काही राहते काय?"

मग तिने बाकीचं सांगितलं.

काकांनी तिचं पाकीट आणून दिलं तेव्हा ती दारातच रडली. काका पायरीवर थांबले. वाचलं नाही म्हणाले, पत्त्यापुरतं पाहिलं. मग विचारलं, "एकटीच जात असशीन, बाई?" पुढच्या गुरुवारी ती गेली तर ते आधीच बाकावर होते. "कोणी इचारलं तर सांगजो, काकाले आणलं." तेव्हापासून कॉलनीतलं कुणीही तिथून गेलं की वैशाली ओढणीने तोंड झाकून खाली बघत बसायची आणि काका सगळ्यांना दिसतील असे ताठ बसायचे.

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी तसाच त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर किल्ल्या अडकवायचे खिळे ओळीने रिकामे होते. मी माफी मागितली. काकांनी चक्क कानावर हात ठेवले.

"तुमच्या मिसेसले म्या तिथं कधी पाह्यलं नाही. मलेच झोप येत नाही, म्हणून जातो."

"काका, तिनंच सांगितलं मला."

काका टोपीची कड चाचपू लागले. "रेल्वेत दुनियेच्या चिठ्ठ्या लावल्या, सर. माह्या नावाची त्यात कधी एक आली नाही. कोण लिहीन मले?" मग म्हणाले, "पोरगी दर बुधवारी भिंतीवरून इचारते, काका, उद्या येता ना."

मी त्यांना सांगितलं की पुढच्या गुरुवारी मी रजा टाकतोय, आता मी तिला नेईन. ते मान हलवून "बरं आहे" म्हणाले. पण ते कसं बरं आहे म्हणाले ते मला दिसलं, आणि वैशालीनेही मला बजावलं की काका नसतील तर ती येणार नाही.

गुरुवारी आम्ही तिघं बाकावर बसलो होतो. मध्ये वैशाली, दोन्हीकडे आम्ही. समोरच्या औषधाच्या दुकानातून आमच्या कॉलनीचे सेक्रेटरी काळमेघ बाहेर आले आणि रस्ता ओलांडून थेट आमच्याकडेच आले. "सर, तुमी इथं? कोणाले आणलं?"

काकांनी घसा खाकरला. ते बोलायच्या आत मी म्हणालो, "कुणाला नाही. मलाच दाखवायचंय. या दोघांनी मला आणलंय."

काळमेघांनी माझ्याकडे पाहिलं, मग दवाखान्याच्या पाटीकडे पाहिलं आणि पलीकडे लावलेली गाडी सुरू करून निघाले. आम्ही घरी पोचण्याआधी बातमी पोचणार हे मला ठाऊक होतं. तिचा वेग मला चांगला माहीत आहे.

काका रागाने माझ्याकडे बघत होते. "तुमी कावून मधात बोलले, सर? थे माहं काम होतं." त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्यांनी तोंड फिरवलं. वैशालीने त्यांचा हात धरला. तेवढ्यात आतून आमचा नंबर पुकारला, आणि आम्ही तिघंही एकदमच उठलो.