दाजींच्या हातातली दोरी

जेट स्की भाड्याने देणारा माणूस सूचना सांगत होता आणि दाजी त्या दुरुस्त करत होते.

"ही लाल दोरी," जेट स्कीवाला म्हणाला. "एक टोक इथे इंजिनाला, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटात. माणूस पडला की दोरी निघते आणि इंजिन बंद होतं."

"म्हणजे ब्रेक," दाजी म्हणाले.

"ब्रेक नाही. याला ब्रेक नसतोच."

"असं तुम्ही म्हणता."

जेट स्कीवाल्याने एकदा दाजींकडे पाहिलं आणि उरलेलं सगळं छोट्याकडे बघून सांगायचं ठरवलं. "वळायचं असेल तर हा खटका दाबून, वेग देऊन वळायचं. खटका सोडलात तर हँडल कितीही फिरवा, हे सरळच जाणार. एवढं एक ध्यानात ठेवा."

"वेग देऊन वळायचं?" दाजी हसले. मोठ्या सभेत एखाद्या अडाण्याने प्रश्न विचारावा आणि वक्त्याने मोठ्या मनाने हसावं, तसं. "अहो, पोरांच्या डोक्यातून हेच काढण्यात माझी बावीस वर्षं गेली. वळण आलं की वेग कमी. जमिनीवर काय आणि पाण्यावर काय, नियम तो नियम."

दाजींची मोटार ड्रायव्हिंग शाळा होती. बावीस वर्षांत त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली असं ते सांगत, आणि उरलेलं अर्धं गाव रस्ता ओलांडताना आधी दोन्हीकडे बघून मग पळत का सुटतं, ते कुणी त्यांना सांगत नसे. त्यांची जागा ठरलेली होती. शिकणारा स्टिअरिंगवर, दाजी शेजारी, आणि दाजींच्या पायाखाली त्यांचे स्वतःचे वेगळे क्लच आणि ब्रेक. बावीस वर्षांत त्यांनी स्टिअरिंगला हात लावला तो फक्त दुसऱ्याचा हात झटकायला. चालवायचं दुसऱ्याने आणि थांबवायचं आपण, या व्यवस्थेत माणसाला आपण फार मोठे चालक आहोत असं वाटायला लागतं. दाजींना तसं वाटायला लागूनही आता बराच काळ लोटला होता.

छोट्या हा त्यांचा मेहुणा. उंची सहा फूट, वय तीस. पण बहिणीने लहानपणी ठेवलेलं नाव बहिणीनेच सोडलं नाही, तर बाकीचे कशाला सोडतील? दाजींच्या सगळ्या विद्यार्थ्यांत हा सर्वांत आज्ञाधारक. "क्लच" म्हटलं की क्लच, "डावीकडे" म्हटलं की डावीकडे. इतका आज्ञाधारक की परीक्षेत शेजारी दाजी नसले की त्याला काही सुचत नसे. पहिल्या परीक्षेत "आता गिअर बदल" असं कुणी म्हणेना, म्हणून त्याने सबंध परीक्षा पहिल्याच गिअरमध्ये दिली. दुसऱ्या वेळी चौकाच्या मध्यावर थांबून तो हुकमाची वाट बघत बसला. तिसऱ्या वेळी त्याने परीक्षकांनाच विचारलं, "वळू का?"

परीक्षक म्हणाले, "घरी वळा."

आता गुरुवारी चौथी परीक्षा होती, आणि ती शेवटची होती. दवाखान्यांना यंत्रं पोचवणाऱ्या एका कंपनीने छोट्याला नोकरी देऊ केली होती. एक तारखेला परवाना घेऊन या, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. एक तारीख शनिवारी होती. त्यापूर्वी पोराचं डोकं जरा थंड व्हावं म्हणून तलावाकाठी दोन दिवस राहायची कल्पना ताईची. तलावावर जेट स्की चालवून त्याचा हात मोकळा करायची कल्पना अर्थातच दाजींची.

"त्याला एकट्याला जाऊ दे ना हो," काठावरच्या बाकावरून ताई म्हणाली.

"एकट्याला? आणि शिकवणार कोण?"

"तो माणूस आत्ताच शिकवून गेला की."

"तो दुकानदार आहे," दाजी म्हणाले आणि नारिंगी लाइफ जॅकेटचे पट्टे पोटावर कसेबसे जुळवून छोट्याच्या मागे बसले. जेट स्कीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्याबरोबर त्यांनी छोट्याच्या मनगटातली लाल दोरी काढली आणि आपल्या मनगटात अडकवली.

"दाजी, ती चालवणाऱ्याच्या..."

"ब्रेक नेहमी मास्तरकडे असतो. तू फक्त चालव. पुढे बघ. पाठ ताठ."

दोरी लांबीला बेताची होती, त्यामुळे दाजींना छोट्याला पाठीमागून जवळजवळ मिठीच मारावी लागली. अशी जोडी पाण्यावर निघाली.

पहिले पन्नास मीटर फार छान गेले. मग समोर पोहणाऱ्यांसाठी बांधलेली पिवळ्या तरंगत्या डब्यांची रांग दिसली. छोट्याने वळण्यासाठी खटका दाबला. इंजिनाचा आवाज वाढताच दाजींच्या उजव्या पायाने सवयीने ब्रेक शोधला. तो नव्हता. तेव्हा त्यांनी हात हिसडला. दोरी निघाली, इंजिन बंद पडलं आणि जेट स्की कुठेही न वळता सरळ जाऊन त्या रांगेत घुसली. आत पोहत असलेल्या दोन आजीबाई शांतपणे बाजूला झाल्या.

"लाज नाही वाटत?" त्यांतली एक म्हणाली.

"शिकाऊ आहे," दाजी छोट्याकडे बोट दाखवून म्हणाले.

दोरी पुन्हा लावली, इंजिन पुन्हा सुरू झालं. डब्यांच्या रांगेचा एक तुकडा हँडलला हारासारखा लोंबत राहिला. "बघितलंस? वेग देऊन वळायला गेलास," दाजी छोट्याच्या कानात ओरडले.

"मी वळलोच नाही दाजी, तुम्ही इंजिन बंद..."

"वाद नको. आरशात बघ."

आरसा म्हणून जो होता त्यात फक्त दाजींची हनुवटी दिसत होती.

पुढचा बळी एक मासे धरणारा होता. बिचारा गुडघाभर पाण्यात सकाळपासून उभा होता. छोट्या त्याला वळसा घालणार, एवढ्यात पुन्हा हिसडा बसला आणि जेट स्की सरळ त्याच्या गळाच्या दोरीवरून गेली. मासे धरणाऱ्याने काठी वाचवली, टोपी गेली. तो जे बोलला ते इंजिनाअभावी सगळं स्पष्ट ऐकू आलं.

"दाजी, दोरी मला द्या ना," छोट्या म्हणाला.

"दोनदा वाचवलं तुला. आता तिसऱ्यांदा वाचवायला नको का कुणी?"

तिसरी वेळ पाच मिनिटांत आली. समोरून पायडल मारायची एक बोट येत होती. पांढऱ्या हंसाच्या आकाराची, लांब मानेची. तिच्यात गवती टोपी आणि अर्धी चड्डी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची बायको पाय मारत होते. त्या गृहस्थांच्या अंगावर नेहमीचे कपडे नव्हते, हातात कागदाचं पॅड आणि पेन नव्हतं, तरी छोट्याला शंका राहिली नाही. आपल्याला तीनदा नापास करणारा चेहरा माणूस चड्डीतही ओळखतो.

"दाजी! परीक्षक!"

"कुठे? पाठ ताठ कर!"

छोट्याने पाठ ताठ केली नाही. त्याला जेट स्कीवाल्याचं बोलणं आठवलं. त्याने खटका दाबला, हँडल फिरवलं, आणि जेट स्की खरोखरच सुरेख वळायला लागली. हंस चांगला दहा हात बाजूने गेला असता.

"वळताना वेग?" दाजी किंचाळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दोरी ओढली.

हंसाची मान मोडली. हंसाच्या पाठीमागचं सुकाणू पण गेलं. दाजी, मनगटातल्या दोरीसकट, एका बाजूने पाण्यात गेले आणि लगेच नारिंगी भोपळ्यासारखे वर आले. कुणालाही लागलं नाही. परीक्षकांची टोपी मात्र त्यांच्या नाकापर्यंत खाली आली होती. त्यांनी ती वर केली आणि समोर बघितलं.

"तुम्ही," ते म्हणाले.

"नमस्कार साहेब," छोट्या म्हणाला. दुसरं काय म्हणणार? "गुरुवारी येतोय."

"येऊ नका."

"ओळखीचे आहेत का?" बायकोने विचारलं.

"तीन वेळा," परीक्षक म्हणाले.

"साहेब!" पाण्यातून दाजींचा आवाज आला. "चूक कुणाचीही असो, हाताने इशारा तुम्ही द्यायला हवा होता!"

परीक्षकांनी छोट्याला विचारलं, "हे कोण?"

"आमचे दाजी. मास्तर आहेत."

"अच्छा," परीक्षक म्हणाले, आणि तीन परीक्षांचा उलगडा एकाच शब्दात झाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

आता पंचाईत अशी की सुकाणू नसलेला हंस जागच्या जागी गोल फिरत होता, आणि जेट स्की दोरीशिवाय सुरू होत नव्हती. दोरी दाजींकडे होती, आणि दाजी हळूहळू दूर वाहत चालले होते. हातांनी पाणी मारत छोट्या त्यांच्याजवळ गेला.

"दाजी, दोरी द्या ना."

"आधी मला वर घे. दोरी माझ्याकडेच राहील."

छोट्याने प्रयत्न केला. दाजी एका बाजूने चढू लागले की जेट स्की त्याच बाजूला कलंडे. दोन वेळा दाजी अर्धे वर आले आणि दोन वेळा पूर्ण खाली गेले.

"दोरी द्या," छोट्या पुन्हा म्हणाला. तेच शब्द, पण या वेळी शेवटी 'ना' नव्हता.

"तुला एकट्याला जमणार नाही!"

"अहो, द्या हो ती दोरी त्याला!" परीक्षकांची बायको ओरडली. "आम्हाला काय इथेच संसार मांडायचाय?"

परस्त्रीसमोर वाद घालणं दाजींच्या तत्त्वात बसत नव्हतं. त्यांनी दोरी दिली, आपण एक मोठी चूक करत आहोत अशा चेहऱ्याने. मग छोट्याने हातांनी पाणी मारतच त्यांना हंसापाशी आणलं, आणि परीक्षक आणि त्यांची बायको या दोघांनी जॅकेटच्या पट्ट्याला धरून दाजींना हंसात ओढून घेतलं. छोट्याने लाल दोरी स्वतःच्या मनगटात अडकवली, हंस धक्क्याला बांधायचा नाडा जेट स्कीच्या मागच्या कडीला बांधला आणि इंजिन सुरू केलं.

आणि एक नवलाची गोष्ट घडली. इंजिनाच्या आवाजात मागचं काहीही ऐकू येईना. पाठीमागे दाजींचं तोंड चालू होतं, हात हलत होते, पण छोट्यापर्यंत पोचत होतं ते फक्त पाणी आणि यंत्र. त्याने खटका बेताने दाबला. वळणावर थोडा वेग दिला, नाडा ताणू दिला नाही. मासे धरणाऱ्याला लांबून वळसा घातला. उरलेल्या डब्यांच्या बाजूने हंसाला असं नेलं की एकही हलला नाही. धक्का जवळ आल्यावर खटका सोडला. जेट स्की आपोआप मंदावली आणि हंस जाऊन लाकडी खांबांना अलगद टेकला.

हंसात मात्र एवढी शांतता नव्हती.

"साहेब, पाय स्थिर ठेवा. पायडलवर पाय ठेवून आराम करणं ही सर्वांत वाईट सवय. वहिनी, तुम्ही फार डावीकडे बसलाय."

परीक्षक धक्क्यावर उतरले ते हंस बांधायच्या आधीच.

जेट स्कीवाला मोडलेली मान हातात घेऊन उभा होता. "दोरी कुणाच्या हातात होती?" त्याने विचारलं.

"तो तांत्रिक मुद्दा आहे," दाजी म्हणाले.

गुरुवारी छोट्या गेला. येऊ नका असं परीक्षकांनी सांगितलं असलं तरी तारीख मिळालेली होती. ताईही गेली, कारण नवऱ्याला एकट्याला तिथे पाठवणं तिला बरं वाटेना. दाजी सवयीने गाडीत आपल्या जागी जाऊन बसले होते.

"मास्तर, उतरा," परीक्षक म्हणाले.

"साहेब, दुहेरी ब्रेकची गाडी आहे. माझ्याशिवाय..."

"मी तुमच्याबरोबर एकदा प्रवास केलाय. उतरा."

गाडी वीस मिनिटांनी परत आली. आत काय झालं ते छोट्याने नंतर सांगितलं: काहीच नाही. कुणी काही बोललं नाही. त्याने गिअर बदलायच्या वेळी बदलला, वळायच्या वेळी वळला, आणि एकदाही शेजारी बघितलं नाही. परीक्षकांनी कागदावर सही केली आणि तो त्याच्या हातात दिला. "उत्तीर्ण. खिडकीवर नेऊन द्या."

त्या कागदावर एक रकाना होता: प्रशिक्षण कोणाकडे घेतले. छोट्याने पेन उघडलं, बराच वेळ त्या रकान्याकडे बघितलं, पेन बंद केलं आणि रकाना तसाच कोरा ठेवून तो बाहेर आला.

"बघू," म्हणून दाजींनी कागद ओढून घेतला. सही बघून त्यांचा ऊर भरून आला, आणि रकाना बघून त्यांनी जीभ टाळूला लावून आवाज काढला. "शेवटी चूक केलीसच! एवढं शिकवून पण..." त्यांनी खिशातलं पेन काढलं, शाळेचं नाव ठळक अक्षरांत लिहिलं, बॅगेतून शिक्का काढून त्यावर उमटवला आणि समाधानाने कागद स्वतःच खिडकीत सरकवला.

खिडकीतल्या बाईंनी तो बघितला आणि परत सरकवला. "रद्द."

"काय?"

"खाली वाचा. निकालानंतर भर घातलेला अर्ज रद्द समजला जाईल. पुढच्या महिन्यात पुन्हा परीक्षा द्या."

छोट्या ताईकडे वळला. शनिवार दोन दिवसांवर होता. "ताई," एवढंच तो म्हणाला, लहान मुलासारखा. दाजी खिडकीतल्या बाईंना अर्जाचा नमुना मुळातच कसा चुकीचा आखलाय ते समजावून सांगू लागले. त्यांच्या मागे रांग वाढत गेली.

गडबड ऐकून परीक्षक बाहेर आले. त्यांनी शिक्का बघितला. दाजींकडे बघितलं. मग आत जाऊन ते दोन प्रतींचा नवा अर्ज घेऊन आले, उभ्याउभ्याच भरला, सही केली, आणि या वेळी तो रकानाही आपल्या हाताने भरला. एक प्रत त्यांनी खिडकीत दिली. दुसरी दाजींच्या पुढे आलेल्या हाताला वळसा घालून ताईच्या हातात ठेवली.

ताईने वाचलं. रकान्यात बारीक, नीट अक्षरांत लिहिलं होतं: 'स्वतः शिकला. मास्तर असूनही.'

तिने कागदाची घडी केली, पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"काय लिहिलंय त्यांनी? माझं आहे ना?" दाजींनी विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "तुमच्याबद्दलच लिहिलंय."